छोट्या तळ्याला उंची देणारी झाडं: कोणती, किती आणि कुठे

प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्यात बंगल्याच्या मागच्या अंगणात 8 फूट लांब, 5 फूट रुंद आणि 2 फूट खोल तळं आहे. आत शेततळ्याचा 500 मायक्रॉनचा प्लास्टिकचा कागद अंथरलेला. त्यात दोन वॉटर लिली, गप्पी आणि चार गोल्डफिश. सगळंच पाण्यावर तरंगणारं असल्यामुळे तळं परातीसारखं सपाट दिसतं. नर्सरीतून आणलेला पपायरस, म्हणजे लव्हाळ्यासारखं उंच पाणझाड, वाऱ्याने दोनदा आडवा झाला. व्हरांड्यात बसून बघताना काहीतरी उंच दिसायला हवं, पण चार वर्षांनी तळ्याची दलदल व्हायला नको.

झाडाचं नाव ठरवण्याआधी फूट ठरवा. पाण्यातल्या झाडाची निम्मी गंमत त्याच्या प्रतिबिंबात असते आणि 5 फूट रुंदीच्या पाण्यात मोजकंच प्रतिबिंब मावतं. झाड पलीकडच्या काठाशी आहे, तुम्ही त्याच्यापासून 12 फुटांवर खुर्चीत बसला आहात आणि डोळे पाण्यापासून साधारण 4 फूट वर आहेत, असं धरा. या मापात पाण्यात झाडाचा खालचा पावणेतीन-तीन फुटांचाच भाग उलटा दिसतो. त्यावरचा शेंडा पाण्यात दिसायला अलीकडे आणखी पाणी लागतं आणि तिथे तुमची फरशी असते. उठून दोन पावलं पुढे गेलात तर साडेपाच फुटांपर्यंतचं झाड मावतं. म्हणून या तळ्याला साडेतीन ते साडेचार फुटांचं झाड बरोबर बसतं. आठ फुटांचा पपायरस इथे विजेच्या खांबासारखा दिसेल. खात्री करायची तर 3, 4 आणि 5 फुटांच्या बांबूच्या कामट्या विटांच्या फटीत रोवून दोन दिवस पलीकडच्या काठावर ठेवा आणि नेहमीच्या खुर्चीतून बघा. कामट्या फुकट असतात, झाडं नसतात.

आणि हो, झाडासमोरचं पाणी मोकळं हवं. लिलीची पानं तिथे पसरलेली असतील तर प्रतिबिंब विसरा. लिलीच्या कुंड्या एका बाजूला सरकवा आणि निदान निम्मं पाणी उघडं ठेवा.

आता जागा. लिलीला फुलायला रोज पाच-सहा तास थेट ऊन लागतं. आपल्याकडे हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडून कलून जातो, तेव्हा उंच झाड तळ्याच्या दक्षिणेला असेल तर नोव्हेंबर ते जानेवारी त्याची लांब सावली थेट लिलीवर पडते आणि फुलं थांबतात. उन्हाळ्यात हे कळतच नाही, कारण मेच्या मध्यावर पुण्यात शून्य सावली दिवस येतो आणि भर दुपारी सूर्य डोक्यावरच असतो. झाड लावणारे बहुतेक जण मे-जूनमध्ये लावतात आणि म्हणूनच चुकतात. वायव्येचा कोपरा सगळ्यात सोयीचा. तिथून हिवाळ्यात सावली पाण्याबाहेर जाते, आणि एप्रिल-मेमध्ये दुपारी तीननंतरचं पश्चिमेचं ऊन थोडं अडतं. तेवढ्यानेही पाणी कमी तापतं आणि शेवाळ जरा आवरतं. व्हरांडाच उत्तरेला असेल तर मात्र पश्चिमेची बाजू पकडा आणि विरळ, काटकुळं झाड निवडा.

पपायरस का पडला, ते आधी समजून घ्या, नाहीतर पुढचंही झाड पडेल. 12 इंच व्यासाच्या आणि 10 इंच खोल कुंडीत सतरा-अठरा लिटर माती मावते. पूर्ण भिजलेली ही कुंडी जमिनीवर साधारण 30 किलो भरते. पाण्यात बुडवली की जेवढं पाणी ती बाजूला सारते तेवढं वजन हलकं होतं, म्हणजे हातात उरतात जेमतेम 12-13 किलो. आणि हे झालं निव्वळ मातीचं. नर्सरीच्या पिशवीत बरंचसं कोकोपीट असतं, ते पाण्यात जवळजवळ तरंगतंच. वर चार फूट उंचीचा झुबका, त्यात जूनच्या वळिवाचं पाणी साचलेलं आणि खाली 8 इंचाची पिशवी. ते उभं राहिलं असतं तरच नवल.

म्हणून कुंडी उंच नको, बसकी आणि रुंद हवी. बाजारात 16 इंच रुंद, 8 ते 10 इंच खोल प्लास्टिकचे टब मिळतात. तळाला भोक नसलेलाच घ्या, कारण भोकातून माती पाण्यात उतरते आणि मुळं बाहेर पडून कागदावर पसरतात. लहान झाडांना बांधकामाचं रबरी घमेलंही उत्तम. पसरट असतं, पडत नाही आणि कडा कागदाला बोचत नाहीत.

भरायची रीत अशी. तळाशी मुठीएवढे काळे दगड एका थरात, हे फक्त वजनासाठी. त्यावर शेताची किंवा बागेची साधी, जड माती. काळी माती असेल तर कोरडी असताना ढेकळं फोडा, चार घमेल्यांना एक घमेलं धुतलेली जाड वाळू मिसळा. खत हवं असेल तर ते फक्त खालच्या तिसऱ्या हिश्श्यात: दोन मुठी पूर्ण कुजलेलं, वास न येणारं शेणखत आणि एक मूठ हाडांचा चुरा. गांडूळखत, पालापाचोळ्याचं खत, कोकोपीट यांपैकी काहीही नको. ते वर येतं, कुजतं, पाण्यातला प्राणवायू खातं आणि पहाटे मासे वर येऊन तोंडं उघडायला लागतात. निंबोळी पेंडही मासे असलेल्या तळ्यात टाळा. मोहाच्या पेंडीचं तर नावच काढू नका, मत्स्यशेतीत नको असलेले मासे मारायला तीच वापरतात. पाण्यात विरघळणारं रासायनिक खत टाकलं की झाडाआधी शेवाळ जेवतं.

माती हातांनी दाबून भरा, झारीने पूर्ण भिजवा, बसू द्या, पुन्हा भरा. रोप लावल्यावर वर एक इंच धुतलेली खडी किंवा नदीतले गोटे पसरा. ही खडी शोभेची नाही. गोल्डफिश माती उकरतात, आणि खडी नसेल तर आठवड्यात पाणी चहासारखं होतं. भिजलेली कुंडी पाण्यात सोडताना एका बाजूने तिरकी करून हळू उतरवा, म्हणजे आतली हवा बुडबुड्यांनी निघून जाते. सरळ दाबली की हवा मातीसकट उसळते.

खोलीचं गणित कुंडीच्या तळापासून नाही, रोपाच्या टाळूपासून करायचं, म्हणजे जिथून कोंब फुटतो तिथून. तुमच्या तळ्यात पाणी काठापासून 2 इंच खाली धरलं तर 22 इंच उरतात. टब 10 इंचाचा, टाळूवर 3 इंच पाणी हवं, म्हणजे खाली 9 इंचाचा ओटा लागेल: 3 इंच जाडीच्या विटांचे तीन थर. वीट पक्की, ठोकल्यावर टणटण वाजणारी घ्या. कच्ची वीट वर्षभरात पाण्यात विरघळते आणि कुंडी एका रात्रीत कलंडते. विटांखाली त्याच कागदाचा उरलेला तुकडा दुहेरी करून घाला, नाहीतर विटेचा कोपरा अस्तराला बोचेल.

आता झाडं.

या तळ्यासाठी पहिली पसंती अम्ब्रेला पाम, म्हणजे सायपरस अल्टर्निफोलियस. नाव पाम असलं तरी ते लव्हाळ्याच्या कुळातलं. साडेतीन ते साडेचार फूट उंच, सरळ हिरव्या दांड्या आणि टोकाला छत्रीच्या काड्यांसारखी चपटी पानं. स्वस्त आहे, ऊन-सावली दोन्ही चालते, टाळूवर शून्य ते 4 इंच पाणी चालतं. बऱ्याच नर्सऱ्यांत हेच ‘पपायरस’ म्हणून विकतात, तेव्हा शेंडा बघून घ्या. खऱ्या पपायरसच्या टोकाला बारीक हिरव्या दोऱ्यांचा झुपका असतो, तर अम्ब्रेलाच्या टोकाला पात्यांसारखी पानं असतात. तुमच्याकडे पडलेलं झाड कदाचित हेच असेल. तसं असेल तर ते फेकू नका, फक्त कुंडी बदला.

रोपं वाढवायला पैसे लागत नाहीत. छत्री दोन इंच दांडीसकट कापा, पानं कात्रीने निम्मी छाटा आणि बादलीत पाण्यावर उलटी ठेवा, पानं खाली, दांडी वर. दोन ते चार आठवड्यांत मध्यातून मुळं आणि कोंब येतात. एका टबात पाच-सहा रोपं लावली तर पहिल्याच वर्षी भरगच्च दिसतं. दोष एकच: बी झडून आजूबाजूच्या ओल्या फटींत रोपं उगवतात. फुलोरा तपकिरी व्हायच्या आत कापला की प्रश्न संपतो.

दुसरी पसंती पाणकर्दळ, कॅना ग्लॉका. अंगणातल्या कर्दळीपेक्षा पानं अरुंद, निळसर राखाडी आणि टोकदार. चार-पाच फूट वाढते, फिकट पिवळी फुलं येतात आणि टाळूवर 4 ते 6 इंच पाणी सहज सोसते. ती मिळाली नाही तर साधी कर्दळही चालते, पण सरावाने. झोपलेला कंद थेट पाण्यात बुडवला तर कुजतो. वीतभर कोंब आलेलं, वाढतं रोप घ्या, पहिला आठवडा कुंडी पाण्याच्या पातळीशी ठेवा, मग दर आठवड्याला इंच-इंच खाली उतरवा. 2 इंचांवर थांबा. पावसाळ्यात पानं गुंडाळणारी अळी येते. गुंडाळलेलं पान उलगडून अळी चिरडा, औषध फवारू नका, खाली मासे आहेत. फुलून गेलेली दांडी पुन्हा फुलत नाही, ती पाण्याच्या वर दोन इंचांवर कापायची.

अम्ब्रेला आणि कर्दळ यांपैकी एकच निवडायचं तर बसून बघण्याच्या जागेसाठी अम्ब्रेला बरं, कारण त्याच्या आरपार दिसतं. कर्दळ भिंतीसारखी उभी राहते. मागे कुंपणाची पांढरी भिंत असेल तर मात्र कर्दळच खुलते.

वेखंड पुष्कळांना औषधी म्हणूनच माहीत असतं. ते मुळात पाणथळ जागेचं झाड आहे. तलवारीसारखी अडीच-तीन फुटी पानं, सावली चालते, टाळूवर इंच-दोन इंच पाणी पुरे. फूल बघण्यासारखं नाही, पण उंच झाडाच्या पायथ्याशी लावायला याच्यासारखं शिस्तीचं झाड नाही. सावकाश वाढतं, म्हणून सुरुवातीलाच मोठा गड्डा घ्या.

काळ्या देठाचं अळू दोन-तीन फुटांत रुंद पान देतं, आणि बारीक पातीच्या झाडांशेजारी एक तरी रुंद पान हवंच. पावसाचे थेंब त्यावर पाऱ्यासारखे फिरतात, तेवढ्यासाठीही लावावं. पण ते धावतं. पाण्यावरून फुटवे सोडून शेजारच्या कुंडीत घुसतं, महिन्यातून एकदा ते खुडावे लागतात. देठाच्या बेचक्यात पाणी साचतं आणि तिथे मासे पोहोचत नाहीत, त्यामुळे डासांच्या दिवसांत नळीने फवारा मारून ते धुऊन काढा. तळ्यात माशांसाठी कधी औषध टाकलं असेल तर त्या अळूच्या वड्या करू नका.

निळं फूल हवं असेल तर पिकरेल, पाँटेडेरिया कॉर्डाटा. दोन ते तीन फूट, बदामी आकाराची पानं, टाळूवर 3 ते 5 इंच पाणी, भरपूर ऊन. जलपर्णीच्याच घराण्यातलं असलं तरी हे तरंगत नाही, कुंडीतच राहतं. जलपर्णी स्वतः मात्र एक रोपही आणू नका, मुळा-मुठेकडे पाहिलं की कारण कळतं.

वाळा हे कमी वापरलं जाणारं झाड. चार-पाच फुटांचा गवताचा झुबका, मुळं बुडालेली असली तरी जगतो, आडवा पसरत नाही. पाती कडेला कापरी असते, म्हणून मुलं खेळतात त्या बाजूला नको. कुंडीत दोन वर्षांनी मुळांचा गच्च गोळा होतो. तो काढून वाळवला की उन्हाळ्यात माठात टाकायला घरचा वाळा.

थालिया जेनिक्युलाटा सुंदर आहे, पण सहा-आठ फूट जाते. 15 फुटी तळ्याला घ्या, तुमच्या नाही. खऱ्या पपायरसचंही तेच. त्याचा बुटका भाऊ, सायपरस प्रोलिफर, दीड-दोन फुटांचा असतो आणि मधल्या उंचीला छान बसतो. निफाडसारख्या ठिकाणी, जिथे थंडीत पारा पाच अंशांच्या खाली जातो, तिथे दोन्ही पपायरस डिसेंबरात पिवळे पडतात. पुण्यात फक्त वाढ मंदावते.

एक सोपा उपाय बहुतेकांच्या लक्षात येत नाही: खरं कमळ. लिलीची पानं पाण्यावर पडून राहतात, कमळाची दांडीवर तीन-चार फूट वर येतात. पण कमळाला दोन फूट रुंद गोल टब, सहा तास ऊन आणि स्वतःची जागा लागते. हिवाळ्यात ते झोपतं, म्हणजे तीन महिने उंची शून्य. 40 चौरस फुटांत दोन लिली असताना ते तिसरं कशाला? बदलायचं असेल तर एका लिलीच्या जागी घ्या.

काय लावू नये, यात पहिलं नाव पाणकणीस, काहींच्या तोंडी रामबाण. दिसतं देखणं, ओढ्यातून उपटून आणता येतं आणि इथेच घात होतो. त्याचं आडवं खोड टोकाला भाल्यासारखं असतं. कुंडी फोडून बाहेर आलं की ते कागदात घुसतं, आणि 500 मायक्रॉन म्हणजे फक्त अर्धा मिलिमीटर. वर कणसातला कापूस उडून शेजाऱ्यांच्या गटारापर्यंत बी जातं. बेशरमाची काठी कुठेही जगते, विषारी आहे, ती नको. तळ्याला खेटून बांबू नको, पाणकणसासारखं त्याचंही आडवं खोड कागदात घुसतं. केवड्याला काटे आणि पसारा दोन्ही. वर झुकणारं मोठं झाडही नको, कारण पडलेली पानं तळाशी कुजतात.

काठाबाहेर झाडं लावून उंची आणायची असेल तर एक गोष्ट ध्यानात ठेवा: कागदाच्या तळ्याचा काठ कोरडा असतो. पाण्यापासून चार इंचांवरची माती बाकीच्या अंगणाइतकीच सुकी. तिथे कर्दळ किंवा अळू लावून लोक ‘पाण्याजवळ तर आहे’ म्हणतात आणि ते करपतं. तिथे गवती चहा, स्पायडर लिली, थोडी सावली असेल तर हेलिकोनिया लावा. दिसतात पाणथळीतली, वागतात अंगणातली. मात्र बाहेरची माती, नारळाचं काथ्याचं आवरण किंवा गवत कागदाच्या कडेवरून आत पाण्याला टेकू देऊ नका. वातीसारखं ते पाणी ओढून बाहेर सोडतं, आणि मग कागद फुटला म्हणून तळं रिकामं करण्याचा उद्योग होतो. एरवीही मे महिन्यात पाणी घटणारच. दिवसाला 8 मिलिमीटर धरलं तरी तुमच्या तळ्यातून 30 लिटर उडतं, म्हणजे दोन बादल्या, आणि उंच पानांची झाडं त्यात भर घालतात. दोन बादल्यांपेक्षा बरंच जास्त जात असेल तरच गळती शोधा.

तुमच्या तळ्यात एवढंच ठेवा: वायव्य कोपऱ्यात 16 इंची टबात अम्ब्रेला, त्याच्या पुढे अर्धवट झाकेल असा वेखंडाचा टब, आणि दोन फूट अंतरावर एकटं अळू किंवा पिकरेल. तीन टब, तीन जाती. चौथी आणू नका. एकेक रोप चारी कोपऱ्यांत ठेवलं की लग्नाच्या मांडवासारखं दिसतं. टबांमध्ये किमान 6 इंच फट ठेवा, म्हणजे गप्पी मधून फिरतील. दाट दांड्यांच्या गर्दीत मासे शिरत नाहीत आणि डासांच्या अळ्या तिथेच वाढतात.

लावायला जूनची सुरुवात किंवा फेब्रुवारीचा शेवट चांगला. जूनमध्ये लावलंत तर पहिल्या वर्षी अम्ब्रेलाच्या दांड्या दोन-तीन फुटांवर छाटून ठेवा, मुळं पकडेपर्यंत वाऱ्याला धरायला काही नको. पुढच्या वर्षांतही मेच्या अखेरीस जुन्या, पिवळ्या दांड्या तळाशी काढून एक-तृतीयांश झुबका हलका करायचा. दांडी ओढून उपटू नका, टाळू सुटते. पाण्याच्या वर बोटभर ठेवून कापा.

अठरा महिने ते दोन वर्षांत टब मुळांनी भरतो. ओळखायची खूण म्हणजे टबाची बाजू फुगते आणि मधल्या दांड्या बारीक येतात. तेव्हा बाहेर काढून करवतीने चार भाग करायचे, कडेचा ताजा भाग परत लावायचा, मधला जुना फेकायचा. 16 इंची टब पाण्याबाहेर आला की पन्नास किलोच्या पुढे जातो, त्याला काठ धरून उचललं तर काठच हातात येतो. म्हणून पहिल्यांदा पाण्यात सोडतानाच टबाखालून नायलॉनच्या दोन दोऱ्या फुलीसारख्या घालून वर गाठ मारून ठेवा. दोघांनी दोन बाजूंनी उचलायचा, आणि आधी काठावर जुनं पोतं अंथरायचं.